आत्याच्या खोक्यांवरचा पत्ता

खोकी तेवीस होती, आणि त्यांतली सहा चुकीच्या गावाला निघाली आहेत असं लेकीला आधी वाटलं.

लेक नर्स होती. बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय औषध हातात घ्यायचं नाही, ही बावीस वर्षांची सवय. शनिवारी सकाळच्या गाडीने ती माहेरी पोचली, उभ्याउभ्याच चहा घेतला आणि बाह्या सारून सामानाच्या खोलीत शिरली. उद्या रविवारी पाळक म्हणून बाबांची शेवटची उपासना होती. मंगळवारी टेम्पो येणार होता, आणि बुधवारी नवा तरुण पाळक बायको-मुलांसकट या घरात राहायला येणार होता. घर चर्चचं होतं. बाबांनी एकोणतीस वर्षं त्यात काढली होती, आई याच घरात गेली होती, तरी घर चर्चचंच होतं.

सतरा खोक्यांवर थोरल्या भावाचा पत्ता होता. त्याने आपल्या घराचा तळमजला दोघांसाठी रंगवून घेतला होता, रस्त्याकडची खोली बाबांना आणि मागची आत्याला. पण कोपऱ्यात एकावर एक नीट रचलेल्या सहा खोक्यांवर आत्याच्या टपोऱ्या अक्षरात भलत्याच गावाचं नाव होतं, बसने चार तासांवरच्या. पत्त्याच्या वर नुसतं ‘सुई’ असं लिहिलेलं होतं.

सुई कोण हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्या बाइंडिंगच्या कारखान्यात होती तेव्हा शेजारच्या टेबलावर पुस्तकं शिवणारी बाई. तिचा टाका इतका बारीक, की तिचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. दोघींनी तेवीस वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढली. मग आई गेली, आणि आत्या भावाचं घर सावरायला म्हणून महिन्याभरासाठी इथे आली. त्या महिन्याला आता अठरा वर्षं झाली होती.

आत्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. लेकीने खोक्यांचं विचारलं तेव्हा तिने मान वर केली नाही.

“चूक नाही ती,” ती म्हणाली. “मी सुईकडे चाललेय.”

किती दिवसांसाठी, असं लेकीने विचारलं. आत्याने एक शेंग सोलली, दुसरी सोलली, आणि म्हणाली, की खोक्यांत हिवाळ्याचे कपडेही आहेत. मग तिने लेकीकडून शब्द घेतला: उद्याची उपासना होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दादाचं शेवटचं प्रवचन आहे, तेवढं सुखाने होऊ दे. उद्या दुपारी मी स्वतःच सांगणार आहे.

लेकीने शब्द दिला, आणि पाऊण तास पाळला.

*

सून गणित शिकवायची. ती व्हरांड्यात उत्तरपत्रिका तपासत बसली होती, तेव्हा नणंद येऊन शेजारी टेकली आणि खालच्या आवाजात सगळं सांगून मोकळी झाली. आत्या असं कसं करू शकते, बाबांचं कसं होणार, निदान आधी बोलायला नको का, असं बरंच काही. सून हं हं करत ऐकत होती. हातातली लाल पेन्सिल तिने खाली ठेवली होती.

तिच्या मनात सगळ्यात आधी जे आलं त्याची तिला लाज वाटली. तिच्या मनात आला चहा. सहाचा, दहाचा, चारचा आणि पुन्हा सहाचा. सासरे माणूस म्हणून उत्तम होते. तिच्या बाळंतपणात हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी दोन दिवस बसून काढले होते, ते ती विसरली नव्हती. पण या घरात ते जिथे चहा प्यायचे तिथेच कप राहायचा. दुसऱ्या खोलीतून हाक यायची, माझा चष्मा कुठाय, आणि चष्मा यायचा. मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना सांगता आलं नसतं. नवऱ्याने तळमजल्याचा बेत सांगितला तेव्हा ती एका क्षणात हो म्हणाली होती. ते हो बाबांना नव्हतं. आत्याबाई आहेत, म्हणून होतं.

तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणजे जेवणाची वेळ होईपर्यंत घरातल्या पाच माणसांपैकी चौघांना सगळं ठाऊक होतं, आणि ज्याचा प्रश्न होता तो माणूस शेजारच्या चर्चमध्ये उद्याच्या गीतांचे आकडे फळ्यावर लावत होता.

पाळक जेवायला आले, हात धुतले, टेबलाशी बसले आणि रोजची प्रार्थना म्हटली. आमेननंतर कुणी बोलेना. भांड्यांना चमचे लागत होते तेवढाच आवाज. मयताच्या घरी गेल्यावर बघावं तसं पाळकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“कोण आजारी आहे?” त्यांनी विचारलं.

थोरला दातांचा डॉक्टर होता. समोरच्याला उत्तर देता येत नाही अशा संभाषणाची त्याला सवय होती, त्यामुळे तो एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने सांगून टाकलं. आत्या आपल्याबरोबर येत नाहीये, सुईकडे चाललीय, खोकीसुद्धा भरून झालीत, आणि हे आपल्याला खोक्यांवरून कळतंय. खोलीला रंग दिला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, तेही दोन, एक तिच्या उंचीचा. आता या वयात दोन खोल्यांत दोन म्हाताऱ्या, एकीला काही झालं तर दुसरी काय करणार.

आत्याने लेकीकडे पाहिलं. लेक ताटात बघत होती. आत्या रागावली नाही. तिने भाजीचं भांडं पुढे सरकवलं आणि तिला जे रविवारी सांगायचं होतं ते शनिवारी सांगितलं. सुईने घरीच छोटं काम सुरू केलंय. जुन्या वह्या, जुनी पुस्तकं लोक आणून देतात, ती दुरुस्त करून द्यायची. दोन टेबलं आहेत, एक रिकामं आहे.

“पण आत्या, या वयात?” थोरला म्हणाला.

“याच वयात,” आत्या म्हणाली. “पुढच्या वयात तिचे हात चालायचे नाहीत आणि माझे डोळे.”

पाळकांनी घास खाली ठेवला होता. बहीण सहासष्ट वर्षांची होती आणि ते तिला अजून बेबी म्हणत. ती तीन वर्षांची असताना वडिलांबरोबर चर्चच्या मनोऱ्यात चढून घंटेच्या दोराला लोंबकळली होती, तो दिवस त्यांना या क्षणी का आठवावा हे त्यांना कळेना. वडील घंटा वाजवायचे. घंटा वाजवणाऱ्याच्या मुलाने पाळक व्हावं असं त्यांच्या आईने मनात घेतलं, मुलगा सेमिनरीत गेला, आणि त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं. बेबी तेव्हा सोळाची. तिची शाळा सुटली ती सुटलीच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी त्याबद्दल बोलत नसे.

“आपण यावर प्रार्थना करू,” पाळक हळूच म्हणाले. आणि त्यांनी हात जुळवलेही.

“नको, दादा,” आत्या म्हणाली. “या वेळी नको.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण त्या टेबलाशी प्रार्थनेला नको म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पाळकांचे जुळवलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले, थोडं पाणी प्यायले, आणि मला दोन घरी जाऊन यायचंय, असं सांगून उठले. पेला, ताट, सगळं तिथेच होतं.

*

भांडी घासायला नणंद-भावजय उभ्या राहिल्या. लेकीचा राग अजून उतरला नव्हता, आणि शब्द मोडल्याची टोचणीही त्यातच मिसळली होती. ती म्हणत होती, की आत्याने निदान वर्षभर तरी बाबांना नव्या जागी रुळू द्यायचं होतं. मी हॉस्पिटलात रोज बघते, एकटी पडलेली म्हातारी माणसं सहा महिन्यांत खंगतात. दादाला तर काही कळत नाही, तो दांडे बसवतो.

सून बराच वेळ ताट विसळत राहिली.

“ताई, तुम्ही न्याल का बाबांना?” तिने विचारलं.

विचारण्यात टोमणा नव्हता. गणितात एक बाजू सोडवून झाली की दुसरी घ्यायची, तसा तो प्रश्न होता. लेकीने लगेच सांगितलं, की तिच्या पाळ्या असतात, एका खोलीचं घर आहे, तिसरा मजला आहे. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू आलं. मग ती म्हणाली, “नाही.”

“मी घेते,” सून म्हणाली. “पण आत्याबाईंची जागा मी घेणार नाही. मला ते जमणार नाही, आणि मला ते करायचंही नाही. हे आजच बोललेलं बरं.”

लेकीने फडकं पिळलं. आईच्या मृत्यूनंतर ती दोन महिन्यांत कामावर परतली होती, बदली मागून मोठ्या शहरात गेली होती, लग्न केलं, मोडलं, पुन्हा उभी राहिली होती. त्या सगळ्या वर्षांत बाबांचं काय चाललंय हा विचार तिला रात्रपाळीत कधी छळत नसे. ते आत्याकडे होते. आपण सगळेच या बाईच्या पाठीवर घर बांधून निवांत झोपलो, हे तिला त्या मोरीपाशी उमगलं. ती ओल्या हातांनीच सामानाच्या खोलीत गेली. आत्या खोक्याला दोरी बांधत होती. लेकीने गाठीवर बोट धरलं, म्हणजे आत्याला दुसरा वेढा घट्ट घेता यावा. दुपारी थोरला पुन्हा बोलायला लागला तेव्हा लेकच त्याला म्हणाली, की आता बस कर.

*

पाळकांना दोन नव्हे, एकाच घरी जायचं होतं.

पोस्टमास्तरीणबाई चार वर्षं खिडकीशी पडून होत्या. त्यांच्या खाटेजवळची वेताची खुर्ची हीच पाळकांची जागा. दुःखाच्या घरात कुठे बसावं, कधी बोलावं, कधी नुसतं बसून राहावं, हे त्यांना हातच्या कामासारखं येत होतं. तरुण असताना त्यांना वाटायचं की विश्वास वाढत वाढत एक दिवस असा पक्का होईल की मग प्रश्नच उरणार नाहीत. तसं काही झालं नाही. प्रश्न होते तिथेच होते. फक्त त्यांच्या शेजारून जाताना आता पाय अडखळत नसे. विश्वास म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या दारात जाऊन उभं राहणं, इतपत त्यांची समजूत उरली होती, आणि ती त्यांना पुरत होती. आज दुपारपर्यंत पुरत होती.

बाईंनी नव्या पाळकाची चौकशी केली, तो फार मोठ्याने गातो असं ऐकलंय म्हणाल्या. पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आमेन म्हणून झाल्यावर बाईंनी डोळे उघडले आणि सहज विचारलं, “आणि तुमच्यासाठी कोण करतं हो प्रार्थना?”

“माझी बहीण,” पाळक म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण सवयीने बोललो. बेबी आपल्यासाठी प्रार्थना करते का, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. करत असेल तर काय मागते, तेही नाही. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशी ते थांबले, दुकान बंद होतं. लोक त्यांना नमस्कार करत जात होते. सगळ्यांच्या घरातलं त्यांना माहीत होतं: कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाला झोप येत नाही, कोण नवऱ्याच्या खोकल्यावर कान ठेवून असतं. ते बराच वेळ दुकानाच्या बंद फळीकडे बघत उभे होते.

*

दर शनिवारी संध्याकाळी सहाला पाळक स्वयंपाकघरात येत, चार कागद टेबलावर पसरत आणि रविवारचं प्रवचन वाचून दाखवत. आत्या काहीतरी चिरत, निवडत ऐके. सवय त्यांच्या बायकोच्या वेळची होती; आत्याने ती घरातल्या इतर गोष्टींबरोबर सांभाळली. आजही ते आले. बाकीचे अंगणात होते. आत्या रिकाम्या फळ्या पुसत होती.

त्यांनी कागद काढले तशी ती म्हणाली, “आज नको वाचूस, दादा.”

पाळक खाली बसले. दुपारपासूनची दुसरी नकारघंटा, असं काहीतरी हलकं बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

“अठरा वर्षं प्रत्येक प्रवचन मी दोनदा ऐकलंय,” आत्या म्हणाली. “शनिवारी इथे आणि रविवारी तिथे. पुढचं वाक्य काय येणार हे मला ठाऊक असतं. उद्याचं एक तरी मला पहिल्यांदा ऐकू दे.”

त्यांनी कागदांची घडी केली. मग जे दुपारपासून मनात होतं ते बोलले. ते म्हणाले, की तुला जायचंच होतं तर माझ्याशी बोलायचंस. मी काही तुला बांधून ठेवलं नव्हतं.

आत्या फडकं धुवायला वळली. वळलेली असतानाच म्हणाली, “बोलले होते.”

“कधी?”

“इथे येऊन तीन वर्षं झाली तेव्हा. कारखान्याचं पत्र आलं होतं, माझी जागा रिकामी आहे, येता का म्हणून. पत्र घेऊन मी तुझ्या खोलीत आले. तू वाचलंस आणि म्हणालास, आपण यावर प्रार्थना करू.”

पाळकांना आठवेना. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. पत्र नाही, दिवस नाही, तिचा चेहरा नाही.

“मग?” त्यांनी विचारलं.

“मग मी केली. तू विषय काढशील म्हणून थांबले. महिनाभर थांबले. त्यांनी दुसरी बाई घेतली.” तिने फडकं दांडीवर पसरलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. “तू केली होतीस का रे प्रार्थना?”

बाहेर थोरला कुणाला तरी फोनवर टेम्पोचा रस्ता समजावत होता. पाळकांना अनेक उत्तरं सुचली. केली असेन, हे त्यांतलं सगळ्यात सोपं होतं. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर येऊन बसले होते, आणि अशी साधी कबुली देताना त्या लोकांची होणारी तगमग त्यांनी बघितली होती.

“नाही केली,” ते म्हणाले. “मला वाटतं, विषय मिटावा म्हणून बोललो असेन.”

आत्याने मान हलवली. तिला ते आधीपासून माहीत असावं. ती समोर येऊन बसली. मध्ये टेबल होतं, टेबलावर घडी केलेले कागद. तिने माफ केलं असं काही म्हटलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. मागणं सोपं झालं असतं, त्यांनी शेकडो लोकांना ते करायला लावलं होतं. थोड्या वेळाने आत्या म्हणाली, की मला इथे वाईट दिवस काढावे लागले असं नाही हं, दादा. पोरं मोठी झाली, तू हसरा आहेस, घर उजेडाचं आहे. फक्त हे घर माझं मी निवडलेलं नव्हतं, आईचं अंथरूणही मी निवडलं नव्हतं. एक गोष्ट मी निवडली होती, ते टेबल. तिथे परत जाऊन बसते.

“सुईला सांग, मी विचारलंय,” पाळक म्हणाले.

*

रविवारी चर्च भरलं होतं. पाळक व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा त्यांनी तिसऱ्या रांगेत बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच वाक्याला तिकडे बघितलं. आत्या बसली होती, पण रोजची नव्हे. पुढे काय येणार हे माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा होता तो. एका ठिकाणी ती हसली, जिथे कुणीच हसलं नाही. एका ठिकाणी तिच्या कपाळावर आठी पडली, आणि बोलता बोलताच पाळकांना कळलं की हा मुद्दा कच्चा आहे. इतकी वर्षं आपण तिला वाचून दाखवत आलो ते तिचं मत ऐकायला नव्हतं, हेही त्यांना तिथेच कळलं. प्रवचन ठीक झालं. फार थोर नाही, फार वाईट नाही.

शेवटच्या प्रार्थनेला ते गप्प झाले. लोकांना वाटलं गहिवरले. एक मिनिट गेलं, कुणी खोकलं, पेटीवाल्या बाईने सूर धरू की नको म्हणून मान वळवली. पाळक डोळे मिटून उभे होते, आणि सवयीचा एकही शब्द त्यांना तोंडातून काढावासा वाटत नव्हता. अखेर ते नुसतं आमेन म्हणाले.

मंडळींनी त्यांना निरोपाची भेट म्हणून काठी दिली. बाहत्तराव्या वर्षीही ते काठीशिवाय चालत, त्यामुळे ती कशी धरावी हे त्यांना कळेना. ती काखेत अडकवून त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. दुपारी सुनेने त्यांना गाठलं आणि म्हणाली, “बाबा, मी खाली दिवसातून दोनदा येईन. सकाळी शाळेला जाताना आणि संध्याकाळी आल्यावर. मधलं तुमचं तुम्हाला बघावं लागेल.”

थोरला मध्ये काही बोलणार होता. लेकीने त्याच्या दंडाला धरलं.

“बरोबर आहे,” पाळक म्हणाले. “मला अंडं उकडायला किती वेळ लागतो ते सांगून ठेव.”

मंगळवारी दोन टेम्पो आले. मोठा आधी भरून गेला. छोट्यात सहा खोकी आणि एक शिलाईची पेटी, बस. आत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसली, काच खाली केली, आणि पाळकांना म्हणाली, की आतल्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, नव्या पाळकाला सांगून ठेव. त्यांनी होकार दिला. एवढंच बोलणं झालं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर ते घरात गेले. प्रत्येक खोलीत पावलं वाजत होती. आतल्या खिडकीला त्यांनी हात लावून पाहिला. खरंच लागत नव्हती. आत्या अठरा वर्षं त्या खोलीत झोपत होती.

*

थोरल्याच्या तळमजल्यावर सगळं नवीन होतं. रंगाचा वास होता, न्हाणीघरात दोन दांडे होते. मागच्या खोलीचं दार पाळक उघडत नसत. पहिल्या रविवारी ते जवळच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने हसून विचारलं, नवीन आलात का? ते हो म्हणाले, आणि त्याने त्यांच्या हातात गीतांचं पुस्तक दिलं, कितव्या पानावर बघायचं तेही दाखवलं. उपासनेनंतर कुणी त्यांच्याकडे आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी आत्याला पत्र लिहायला घेतलं. पानभर लिहिलं: खोली कशी आहे, सून किती शिस्तीची आहे, अंडं कसं फुटलं, नव्या ठिकाणी देव आपल्याला काय शिकवू पाहतो. वाचून बघितलं तर ते प्रवचन होतं. शनिवारी वाचून दाखवावं असं. त्यांनी ते फाडलं. दुसरा कागद घेऊन बराच वेळ बसले. एका घरात एवढी वर्षं राहून तिच्याबद्दल आपल्याला काय माहीत नाही याचा ते शोध घेत होते, आणि ते इतकं निघालं की कुठून सुरुवात करावी हेच कळेना. शेवटी अगदी लहानसं निवडलं.

‘बेबी, सकाळी उठल्यावर तू सगळ्यात आधी काय करतेस?’

खाली सही केली, पाकीट बंद केलं, आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. टपोरं अक्षर, मोजक्या ओळी.

‘दादा, उठून आधी खिडकी उघडते. समोर सायकलवाल्याचं दुकान आहे, त्याचं शटर अडकतं आणि तो रोज त्याला शिव्या घालतो. त्या ऐकते. मग परत झोपते. सुई ओरडते. तू काय करतोस?’

पाळक मोठ्याने हसले. हसणं रिकाम्या खोलीत जरा जास्तच मोठं झालं. सून शाळेत होती, थोरला दवाखान्यात. कार्ड कुणाला दाखवावं म्हणून ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

मग उत्तर लिहायला बसले. सकाळी उठल्यावर मी प्रार्थना करतो, हे वाक्य पेनाच्या टोकाशी तयारच होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण सगळ्यात आधी काय, असा प्रश्न होता. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, आणि काळजीपूर्वक, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

‘जाग आली की थोडा वेळ तसाच पडून राहतो. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो का ते ऐकतो. येत नाही. मग उठतो.’